कारवीचं वर्ष

माधवराव घैसासांनी जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलं नाही. अशा माणसाला आपल्याकडे देवमाणूस म्हणायची रीत आहे. म्हणायला काही पडत नाही, आणि देवमाणसाच्या बायकोला जाऊन कुणी काही विचारत नाही.

तळेगावाहून ते रोज आगगाडीनं पुण्याला जायचे. तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. गाडीत त्यांना जागा मिळायची, पण ती टिकायची नाही. पुढच्या स्टेशनात कुणी पाटीवाली चढली की हे उठायचे. ती उतरली की शेजारचा तगडा पैलवान पाय पसरून बसायचा आणि हे त्याच्यासाठीही सरकून उभे राहायचे. लग्नाच्या पंगतीत दोनदा पानावर बसायचे आणि दोनदा दुसऱ्यासाठी उठायचे. शेवटच्या पंगतीला वाढप्यांबरोबर जेवायचे, जिलबी संपलेली असायची, आणि घरी येऊन सांगायचे, “छान झालं हो लग्न.”

वासंतीबाई, त्यांच्या पत्नी, हे ऐकून हसायच्या. “तुम्हाला सरणावर ठेवलं तरी शेजारच्याला म्हणाल, आधी तुमचं होऊ द्या.”

वासंतीबाईंचे वडील साताऱ्याकडे ड्रॉइंग मास्तर होते. मुलगा नव्हता, म्हणून हातातला कुंचला त्यांनी मुलीच्या हातात दिला. लग्नात तिच्या रुखवतात लाडू-चिवड्याच्या जोडीला रंगांच्या वड्यांची एक डबी होती, आणि त्यावरून घैसासांच्या घरच्या बायका कितीतरी दिवस नाकं मुरडत होत्या. पुढं त्या डबीनंच माधवरावांचं काम उभं राहिलं. ते रानातून झाड आणायचे, त्या त्याचं चित्र काढायच्या. एखाद्या पानासमोर अशा बसायच्या की चुलीवर दूध उतू गेलं तरी वास यायचा तो शेजारणीला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी आधी त्याचा दोष वासंतीबाईंना दिला आणि मग बोलणंच सोडलं. दोघांचा संसार मात्र शांतपणे चालला होता, झाडापानांच्या पसाऱ्यात.

त्यांचं सगळ्यांत आवडीचं झाड म्हणजे कारवी. खरं तर ते झाड नव्हेच, झुडूप. मावळात कोण त्याला विचारतो? त्याच्या काठ्या कापायच्या, एकाशेजारी एक उभ्या बांधायच्या, वरून शेण-माती लिंपायची, की घराचा कूड तयार. पण ही कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. फुलते ती एकटी नाही, डोंगरच्या डोंगर एकदम. आणि फुलून बी झालं की मरते. लोणावळ्यावरच्या कुरवंड्यात तर लोक वय कारवीवर मोजायचे. “ह्यो गेल्या कारवीचा,” असं पोराकडे बोट दाखवून सांगायचे. म्हाताऱ्यानं “आट कारव्या बघितल्या” म्हटलं की समोरचा मान डोलवायचा.

माधवरावांना या फुलावर एक ग्रंथ करायचा होता. कळीपासून बीपर्यंत ते कसं उमलतं, मधमाशी कधी येते, झुडूप मरताना आधी काय सुकतं, हे सगळं एका जागी राहून, रोज पाहून लिहायचं. आणि रोजचं चित्र काढायचं. हे चित्राचं महत्त्वाचं होतं, कारण कारवीचं फूल कागदात दाबून ठेवलं की दोन दिवसांत तपकिरी पडतं. तो रंग टिपायचा तर फुलासमोरच बसायला हवं, आणि बसायला हवं ते वासंतीबाईंनी. दुसऱ्या कुणाचा हात माधवरावांना चालणार नव्हता. आधीच्या कारवीला त्यांचं नवीन लग्न झालं होतं आणि दोघांना ती दिसली तेव्हा सरती होती. तेव्हाच ठरलं होतं, पुढची सोडायची नाही.

त्या पुढच्या कारवीचं साल होतं चौतीस.

शिमग्यात कुरवंड्याचा कोंडाजी तळेगावला आला. हा तिथला शेतकरी, माधवराव रानात हिंडायला गेले की त्याच्याच पडवीत भाकरी खायचे. आल्या आल्या म्हणाला, “मास्तर, आवंदा हाय बरं का कारवी. भादव्यात या. आन् ऱ्हायाच्या तयारीनंच या, आमचं घर हाय की.”

वासंतीबाई आतून म्हणाल्या, “येणार, येणार! झुंबरबाईंना सांगा, मी येणार.” झुंबरबाई म्हणजे कोंडाजीची बायको. बोलता बोलता वासंतीबाईंना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

हा खोकला गेल्या थंडीपासूनचा. हवापालटासाठी म्हणून तर पुणं सोडून दोघं तळेगावात आली होती. कोंडाजी गेल्यावर आठवड्याभरात डॉक्टर तपासून गेले. जाताना दारात, चपला घालता घालता, त्यांनी माधवरावांना सांगितलं, “छातीचंच आहे. जपलंत तर पाच वर्षं. सहा म्हणालो तर मी खोटा ठरेन.”

माधवरावांना गणित शिकवायची गरज नव्हती. पुढची कारवी सात वर्षांनी. वासंतीला कारवी काढायची असेल तर ती हीच. ते आत गेले, पाणी प्याले, आणि बायकोला म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, काही विशेष नाही.”

आता भाद्रपदात दीड-दोन महिने कुरवंड्याला राहायचं तर कॉलेजातून रजा हवी. रजा हवी तर वर्ग घ्यायला बदली माणूस हवा, आणि त्याचा पगार कुणीतरी द्यायला हवा. माधवराव संस्थेचे आजीव सभासद होते. म्हणजे वीस वर्षं पोटापुरत्या वेतनावर शिकवायची शपथ घेतलेले. साठवलेलं काही नव्हतं. एक मार्ग होता. मुंबईच्या एका शेटजींनी संस्थेला संशोधन निधी दिला होता, त्यातून दरसाल एका प्राध्यापकाला मदत मिळायची. अर्ज करायचा, समितीपुढं बसायचं, समितीनं हो म्हटलं की झालं.

पण आजीव सभासदांच्यात मागणं हीच मोठी लाजेची गोष्ट. त्यागाची संस्था ती. कुणी अर्ज केला की बाकीचे त्याच्याकडे असे बघायचे, जणू त्यानं देवळातला नारळ घरी नेलाय. त्यामुळे निधी बहुतेक साली तसाच पडून राहायचा, आणि या गोष्टीचाही संस्थेत अभिमान होता!

तरीही माधवरावांनी अर्ज लिहिला. हे त्यांनी कसं केलं ते त्यांनाच ठाऊक. इंग्रजीत लिहिलेला, मुद्देसूद, पानापानावर शास्त्र. संध्याकाळी बायकोला त्याचा मराठीत अर्थ सांगितला. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या.

“चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. “पण यात मला कुठं बसवलंत?”

माधवराव घुटमळले. पुरुषांच्या समितीपुढं बायकोचं नाव लिहायचं, तेही कामासाठी, हे त्यांच्या हातून झालं नव्हतं. “तसं... लिहिलंय ना. ‘चित्रे घरीच काढली जातील.’”

“म्हणजे मी घर झाले तर,” वासंतीबाई म्हणाल्या आणि हसल्या. माधवरावही हसले. अर्ज तसाच गेला.

आषाढात समिती बसली. माधवराव नीट धुतलेला कोट घालून गेले. खोलीत शिरले आणि पाहतात तो समोरच्या बाकावर बापूसाहेब टेंबे. बापूसाहेब म्हणजे त्यांचे गुरू. माधवराव वनस्पतिशास्त्राकडे वळले ते यांच्यामुळे. पहिला सूक्ष्मदर्शक त्यांनी दाखवला, पहिला सदराही त्यांनीच शिवून दिला होता. चिटणिसांनी घसा साफ करून सांगितलं, “यंदा योग आला आहे. दोन अर्ज. एक प्राध्यापक टेंबे, घाटातल्या नेच्यांवर. दुसरा प्राध्यापक घैसास, कारवीवर.”

 बापूसाहेबांचा अर्ज असेल असं माधवरावांच्या स्वप्नातही नव्हतं.

चिटणिसांनी त्यांचा अर्ज चाळला. “घैसास, चित्रं घरीच काढायची म्हणता. मग घाई कसली? कारवी काय पळून जाते?”

सगळे हसले.

“सात वर्षांनी फुलते,” माधवराव म्हणाले.

“मग सात वर्षांनी काढा! संस्था काय कुठं जाते की तुम्ही जाता?” पुन्हा सगळे हसले. वाईट माणसं नव्हती हो ती. त्यांना माहीतच नव्हतं.

सांगायचं ते माधवरावांच्या ओठांवर आलं होतं. ‘माझी पत्नी आजारी आहे. चित्रं ती काढते. पुढच्या कारवीला ती नसेल.’ तीन साधी वाक्यं. लहान मूल म्हणालं असतं. पण त्या खोलीत आजवर कुणी बायकोचं नाव काढलं नव्हतं. आजाराचं भांडवल करून पैसे मागतो असं वाटेल, हे त्यांच्या मनात आलं. आणि समोर गुरू बसलेले. गुरूच्या पानातलं शिष्यानं ओढून घ्यायचं? नेचे दरसाल येतात, हेही त्यांना ठाऊक होतं. ते बोलायला म्हणून उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

“बापूसाहेब माझे गुरू आहेत. त्यांचा अर्ज असताना माझा असणं बरं दिसत नाही. मी माझा अर्ज मागं घेतो.”

खोलीत टाळ्या झाल्या. चिटणीस म्हणाले, “याला म्हणतात संस्कार!” बापूसाहेब काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले.

भीड भिकेची बहीण म्हणतात. भीक राहू द्या, या भिडेनं त्या दिवशी माणसाचं घरच नेलं, आणि वर टाळ्या वाजल्या.

घरी आले तेव्हा वासंतीबाईंनी तयारी मांडली होती. कुंचले जुन्या रुमालात गुंडाळलेले, रंगांच्या वड्या नव्या फडक्यात, कागद मेणकापडात. माधवरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांना वाटलं, ही आता चिडेल, रडेल, काहीतरी फेकेल.

वासंतीबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “बरं केलंत. गुरूच्या पुढं कसं जायचं?” आणि त्या रुमालाची गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट बसली होती. किती वेळ ती सोडवत होत्या, आणि माधवराव बघत होते. ती तेव्हा भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढं जन्मभर वाटत राहिलं.

वासंतीबाईंनी एकटीनं कुरवंड्याला राहावं, हे त्या काळी कुणाच्या मनातही आलं नसतं. भाद्रपदातले रविवार तेवढे उरले. त्यातले काही पावसानं खाल्ले, काही तापानं. एक मिळाला. लोणावळ्यापर्यंत आगगाडी, पुढं चाक जाईल तिथवर टांगा, आणि शेवटची चढण कोंडाजीनं आणि त्याच्या भावानं वासंतीबाईंना डोलीत बसवून पार केली.

सगळे वर पोचले. नागफणीच्या सुळक्याखालची सगळी उतरण जांभळी झाली होती. ढग खाली यायचे, सगळं पुसून टाकायचे, आणि परत जायचे. माधवरावांना ते बघवेना, म्हणून ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. ती लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून बसली होती.

बाहेर बसून चित्र काढणं जमणार नव्हतं, भुरभुर चालू होती. कोंडाजीच्या घरात चारी बाजूंनी कारवीचे कूड, आत दिवसाढवळ्या अंधार. उजेड काय तो दारातून. झुंबरबाईनं शेळी हाकलली, दारात पाट मांडला, वर गोधडीची घडी घातली. वासंतीबाई बसल्या. समोर तांब्यात कारवीची फांदी. पण दारातून तुषार यायचे, कागद दमट व्हायचा, रंग पसरायचा. दार ओढलं की अंधार. त्यातून तो रंग! जांभळा म्हणावा तर निळा दिसायचा, निळा लावला की राखट. ढग आला की सगळंच बदलायचं. त्या न कंटाळता रंग करत होत्या, पुसत होत्या, पुन्हा करत होत्या.

“झुंबरबाई,” त्या मध्येच म्हणाल्या, “या कुडाला इथं एक खिडकी असती ना, डोंगराकडं तोंड करून, बसल्यावर दिसेल अशी, तर मी तुमच्याकडेच राहिले असते.”

झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसली. “आन् थंडी काय आत बलवायची व्हय, बाई? खिडकी कशाला लागतीया आमाला!”

दिवस कलेपर्यंत फुलाची रेषा पुरी झाली आणि पाचांतल्या दोन पाकळ्या रंगल्या. त्या दोन मात्र अशा उतरल्या होत्या की कोंडाजी कागदाला बोट लावायला गेला आणि झुंबरबाईनं त्याच्या हातावर चापट मारली. गाडीची वेळ झाली. माधवराव डोलीची दोरी बघायला बाहेर गेले. दारात दोघी बायका काहीतरी बोलत होत्या. वासंतीबाईंनी झुंबरबाईचा हात हातात घेतला होता. काय बोलल्या ते माधवरावांनी विचारलं नाही. बायकांचं बोलणं.

फांदी बरोबर घेतली होती, पण गाडीतच फुलं मलूल झाली. उरलेल्या तीन पाकळ्या तशाच राहिल्या. पुढं ताप चढत गेला.

डॉक्टर खोटे ठरले नाहीत. एकोणचाळीसच्या वैशाखात वासंतीबाई गेल्या. शेवटच्या महिन्यांत त्यांना कुंचला धरवत नव्हता. पण कधी कधी त्या पांघरुणावर बोटानं रेघा ओढायच्या, आणि माधवराव ते बघून बाहेर निघून जायचे.

बापूसाहेब भेटायला आले. काठी टेकत, धापा टाकत. कोनाड्यात ते अर्धं चित्र टेकवून ठेवलं होतं. बराच वेळ त्याच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “हे कुणी काढलं?”

“हिनं.”

“म्हणजे... ‘घरीच काढली जातील’ ती हीच?”

माधवरावांनी मान हलवली. आणि मग, पाच वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले होते, कधी म्हणाले होते.

बापूसाहेबांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते खाली बसले. “माधव, अरे, मला कुठले नेचे! माझे गुडघे तेव्हाच गेले होते. चिटणीस मागं लागले, दोन-तीन सालं कुणी अर्ज केला नाही, शेटजी निधी परत मागतील, तुमचं नाव द्या. म्हणून दिलं. तुझा अर्ज आला, तेव्हा वाटलं, सुटलो. मी माझा मागं घ्यायलाच आलो होतो त्या दिवशी. तू आधी उठलास. मला वाटलं, तुझी तयारी नसेल, अब्रू राखून बाहेर पडतोयस, आपण कशाला बोला.” ते पुन्हा चित्राकडे वळले. “मी ते पैसे संस्थेला तसेच परत केले रे. एक शब्द बोलला असतास!”

गुरूनं शिष्याची भीड राखली, शिष्यानं गुरूची. मध्ये जी चेंगरली तिचं नाव अर्जात नव्हतं. माधवराव त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, आणि बापूसाहेबांनाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

एक्केचाळीस साल आलं. पुन्हा कारवीचं वर्ष. माधवरावांना त्या डोंगराकडे बघायचंही नव्हतं. पण बापूसाहेब ऐकेनात. “तिचं काम आहे ते. अर्ज कर.” माधवरावांना नाही म्हणता आलं नाही, नेहमीप्रमाणं. या खेपेला समितीत कुणी हसलं नाही. मागितलं त्याहून जास्त मिळालं, रजा मिळाली, आणि चित्रांसाठी मुंबईचा एक पदवीधर चित्रकारही मिळाला. सात वर्षांपूर्वी जे तोंड उघडून मागायचं होतं, ते सगळं न मागता दारात आलं. कुणाच्या उपयोगाचं, ते विचारू नका.

भाद्रपदात दोघं कुरवंड्याला चढले. डोंगर तसाच जांभळा, ढग तसेच. कोंडाजी थकला होता, त्याचे केस पांढरे झाले होते. झुंबरबाई अंगणातच उभी होती, माधवरावांच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघत.

“बाई मागनं येत्यात व्हय? डोली धाडायची का?”

माधवरावांनी मागं वळून वाटेकडे पाहिलं.

“सावकाश येऊंद्या,” झुंबरबाई म्हणाली. “म्या समदं मांडलंय. या, बगा तर खरं.” आणि ती त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली.

आत अंधार नव्हता. डोंगराच्या बाजूच्या कुडात एक खिडकी होती. चौकट ओबडधोबड, कोंडाजीच्या कोयत्याची. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून पावसाचे तुषार आत येऊ नयेत म्हणून पळसाच्या पानांची छोटी झडप बाहेरून बांधलेली. खाली पाट, पाटावर गोधडीची घडी, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या आणि त्यात ताजी फुललेली फांदी. खिडकीतून सगळी उतरण दिसत होती.

“गेल्या कारवीच्या काट्या वाळल्या न्हवं का,” कोंडाजी मागून सांगत होता, “तवा कूड नवा केला. त्याच येळंला हिनं हट धरला, खिडकी ठिव म्हनून. गाव हसलं मला. थंडीत पोरं कुडकुडत्यात, पोतं लावतो आमी. पर बाई म्हनल्या व्हत्या ना.”

“जाताना माजा हात धरून म्हनल्या,” झुंबरबाई म्हणाली, “फुडल्या कारवीला येते, झुंबरबाई, माजी जागा ठिवा. मंग? ठिवायला नगं?”

माधवरावांनी सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांना नंतर आठवेना. झुंबरबाई मटकन खाली बसली. “आन् आमाला कुनी सांगितलं न्हाई,” ती एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. “दोन सालं झाली, आन् आमी रोज जागा झाडतुया.” कोंडाजी बाहेर जाऊन शेळीची दोरी उगाच सोडत-बांधत उभा राहिला.

माधवरावांनी कुडावर हात ठेवला. ज्या कारवीच्या फुलाच्या तीन पाकळ्या रंगवायच्या राहिल्या, तिच्याच या काठ्या. पुढच्या कारवीचं ती त्यांच्याजवळ कधी एक शब्दही बोलली नव्हती; आपण जाणार हे तिला तेव्हाच ठाऊक होतं, हे त्यांना आता, या घडीला कळलं. आणि ठाऊक असून ती खोटं बोलली होती, एका बाईला बरं वाटावं म्हणून. आणि त्या बाईनं ते खरं धरून भिंत फोडली होती.

चित्रकार दारात घुटमळत होता. बिचारा भला तरुण होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. “वा, उजेड काय छान येतोय! प्रोफेसर, मी या पाटावर बसू का? इथून फार सुंदर काम होईल.”

माधवराव वळले. आगगाडीत, पंगतीत, समितीच्या खोलीत, जन्मभर जागा सोडत आलेला हा माणूस. झुंबरबाईनं डोळे पुसत मान वर केली.

“नाही,” माधवराव म्हणाले. “ती जागा दिलेली आहे.”

चित्रकारानं इकडं तिकडं बघितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं आपली पेटी उचलली आणि तो बाहेर पडवीत, तुषार येत होते तिथं जाऊन बसला.